चोरानं वाढवलेला माल

१

चोरी झाली होती, पण गेलं काहीच नव्हतं. उलट चोर माल वाढवून गेला होता.

हे सांगायला कालिंदी परब माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. परळच्या प्रसूतिगृहातली माझी नोकरी संपून वर्ष झालं होतं, तरी लालबागेत मी अजून 'सिस्टरबाई'च होते. एकदा वॉर्डात एका बाळंतिणीची सोन्याची माळ नाहीशी झाली होती. ती मी पोलीस यायच्या आत शोधून दिली. तेव्हापासून कुणाचं काही हरवलं की लोक आधी माझं, दुर्गाबाईचं, दार वाजवतात. पोलिसांना चहा पाजावा लागतो, मी माझा करून घेते.

"माझं गुपित चोरीला गेलं, सिस्टरबाई," कालिंदी म्हणाली आणि मटकन खाली बसली. तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. तेव्हासुद्धा ही बाई रडली नव्हती, आज मात्र डोळे भरले होते.

कालिंदीची 'मोहोर' उदबत्ती तुम्ही लावली असेल. नवरा माझगावच्या गोदीत कामाला, घरी सासू आणि दीर. अशा घरात तिनं स्वयंपाकाच्या ओट्यावर उदबत्त्या वळायला सुरुवात केली. बघता बघता लालबाग, परळ, भोईवाडा तिच्या सुगंधानं जिंकला. चाळीच्या तळमजल्यावर तिनं एक खोली भाड्यानं घेतली, दोन बायका कामाला ठेवल्या. आणि मग गाडं जे अडलं ते अडलंच. दोन वर्षं धंदा तसूभर पुढे सरकला नव्हता. सुगंध तोच, मेहनत तीच, खप मात्र जागच्या जागी.

अशात गिरगावातून एक संधी आली होती. फणसवाडीच्या तोंडाशी जगदीश वैद्यांचं पूजासाहित्याचं मोठं दुकान आहे. दोन वर्षं तिथं 'मोहोर' इतर उदबत्त्यांबरोबर विकली जात होती. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला न चुकता माल दिलात, तर गिरगाव-दादर दोन्ही दुकानांत फक्त 'मोहोर' ठेवतो, असं ते म्हणाले होते. होकार शनिवारपर्यंत द्यायचा होता. हा होकार देता आला नाही तर 'मोहोर' जन्मभर चाळीचीच उदबत्ती राहणार, हे कालिंदीला पक्कं ठाऊक होतं.

"सुगंधाची भुकटी मी एकटीच मिसळते," ती सांगू लागली. "दार लावून. बरणी फडताळात, फडताळाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. गेले चार दिवस मला बरं नव्हतं, खाली गेलेच नाही. मी नसले की काम बंद. आज जाऊन बघते तर सुपंच्या सुपं भरून उदबत्त्या वाळत घातलेल्या!"

"मग त्या बिनवासाच्या असतील."

कालिंदीनं पदराच्या टोकाशी बांधलेली एक उदबत्ती काढून माझ्या नाकाशी धरली. वास नेमका 'मोहोर'चाच होता.

२

ती खोली पाहायला मी लगेच निघाले. नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राची पोरं भिंतीवर चुना फासून अक्षरं रंगवत होती. मुंबईसह महाराष्ट्र मिळणार, अशी कुजबुज त्या दिवसांत दिल्लीहून रोज येत होती आणि रोज विरत होती.

खोलीत फडताळ होतं तिथं होतं. कुलपावर ओरखडा नाही, बिजागऱ्या जाग्यावर. आतली बरणी मात्र बरीच खाली गेलेली. म्हणजे चोरानं कुलूप किल्लीनंच उघडलं, हातानं भुकटी काढली आणि पुन्हा नीट लावून ठेवलं. असा टापटिपीचा चोर मी आयुष्यात पाहिला नव्हता.

उदबत्त्या वळणारी शांता सातारकडची, वर परबांच्या शेजारच्याच खोलीत राहते. बोलायला फटकळ, हात मात्र यंत्रासारखा चालतो.

"मला काय म्हाईत, बाई? रोज सकाळी झाडलोटीला येऊन दार उघडलं की घमेल्यात पीठ मळून तयार. वर ओलं फडकं. मला वाटलं, वहिनींनीच कुणाकडनं करून घेतलंय. आम्ही दोघी वळत बसलो."

"चारही दिवस?"

"व्हय की. एरवी वहिनी नसल्या की आम्हालाबी सुट्टी असती. ह्या खेपंला नव्हती, एवढंच."

"वास कशाचा आहे गं 'मोहोर'ला?"

"केवड्याचा. दुसरा कशाचा असणार?"

पुडे बांधणारी शेवंती भोईवाड्याहून येते. तीन वर्षांपूर्वी तिच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. स्वच्छ नेसलेली, मान ताठ. तिला तोच प्रश्न विचारला.

"चाफा आणि काहीतरी अत्तर असणार," ती म्हणाली. "आमच्या घरी बुद्धांसमोर लावते मी. पण खरं सांगू का, बाई? मला कधी नीट ओळखता आला नाही."

कालिंदीचा दीर दत्ताराम पिशवी खांद्याला लावून दुकानोदुकानी माल पोचवतो आणि संध्याकाळी मोर्चाला जातो. धंदा वाढावा म्हणून सगळ्यात जास्त जीव त्याचाच तुटत होता. त्यामुळे माझा पहिला संशय त्याच्यावरच होता.

"वास ना? चंदन," तो म्हणाला. "वहिनी सांगत नाय, मीपण विचारत नाय. आपल्याला काय, माल खपला पायजे."

"तुझं गाव कोकणातलं. सुरंगीचं फूल पाहिलंयस कधी?"

"सुरंगी? आम्ही गावाला जायचो ते मे महिन्यात, आई गिरणीतून सुट्टी काढायची तेव्हा. आंबे, फणस, करवंदं एवढंच बघितलं."

 मी स्वतः शिरोड्याची. 'मोहोर'ची पहिली काडी पेटवली त्या दिवशीच मला वास ओळखू आला होता. तो सुरंगीचाच होता. शिमग्याच्या सुमाराला झाडाच्या अंगाला लगडून येते, बायका वळेसर करून केसांत माळतात आणि मे उजाडेपर्यंत संपून जाते. मे महिन्यातल्या चाकरमान्यांना ती ठाऊक असायचं कारणच नाही. कालिंदीच्या माहेराहून वाळवलेली सुरंगी येत होती, आणि ते तिचं गुपित होतं. मी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण लोकांची गुपितं जपण्यातच माझी सारी नोकरी गेली.

म्हणजे चोर असा हवा होता, ज्याला सुरंगी ठाऊक आहे. आणि नुसती ठाऊक असून भागणार नव्हतं. किती भुकटी घालायची याचं माप कालिंदीकडेही नव्हतं. ती वास घेत घेत घालायची. माप तिच्या नाकात होतं.

तेवढ्यात कालिंदी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला शेवंतीचा संशय येतोय. मी उद्यापासून तिला येऊ नको म्हणून सांगणार आहे."

३

"पुरावा?" मी विचारलं.

"शांता म्हणत होती, हिला आता ना देव ना सोवळं, हिला कसली भीती?"

अशी वाक्यं ऐकली की माझं डोकं फिरतं. मी कालिंदीला तसं तोंडावर सांगितलं. पण शनिवार जवळ येत होता, ती घाबरली होती आणि घाबरलेल्या माणसाला सोपा चोर लागतो. तिनं शेवंतीला सांगून टाकलं.

शेवंती रडली नाही. हातातला पुडा पुरता बांधून तिनं खाली ठेवला.

"बाई, गुपित चोरायचं असतं तर मी भुकटी घरी नेली असती. तुमचाच माल करून तुमच्याच सुपात कशाला वाळत घातला असता?" एवढं बोलून ती निघून गेली.

 मला शेवंतीच्या त्या प्रश्नानं रस्ता दाखवला. हा चोर कालिंदीचं नुकसान करायला आलाच नव्हता. त्याला 'मोहोर' चालू राहायला हवी होती, आणि तरीही आपलं नाव पुढे यायला नको होतं. असं कोण असेल?

दुसऱ्या दिवशी मी ट्राम पकडून फणसवाडी गाठली. जगदीश वैद्य गल्ल्यावर बसून पंचांग विकत होते. मी सरळ विचारलं, "मोहोरचा खप का वाढत नाही हो?"

"कोण म्हणतं वाढत नाही?" ते हसले. "वाढतो की! तीन आठवडे छान चढतो. मग एक आठवडा माल येतच नाही. परबबाई निरोप धाडतात, संपला म्हणून. गिऱ्हाईक काय देव्हारा बंद ठेवणार? ते दुसरी उदबत्ती नेतं. पुढच्या आठवड्यात त्याला परत मोहोरकडे वळवताना माझ्या नाकी नऊ येतात. वळलं की पुन्हा माल संपलेला. दोन वर्षं हेच चाललंय. मी विचारलं, अडचण काय? तर बाई गप्प."

परतताना मी ट्रामच्या खिडकीशी बसून स्वतःवरच चिडले. जन्मभर बायकांच्या वॉर्डात काम केलं आणि एवढं माझ्या लक्षात येऊ नये! कालिंदीचं गाडं अडलेलं नव्हतंच. ते दर महिन्याला चढत होतं आणि दर महिन्याला घसरत होतं.

चाळीत पोचताच मी तिसऱ्या मजल्यावर, परबांच्या खोलीकडे गेले. सज्जाच्या टोकाला कठड्यावर एक कांबळं वाळत घातलं होतं. शेजारी पालथं घातलेलं एक ॲल्युमिनियमचं ताट आणि पेला, घरातल्या भांड्यांपासून वेगळी ठेवलेली.

ताप आलेल्या बाईला कुणी उघड्या सज्जात झोपवत नाही. आणि तापाचं ताट कुणी वेगळं ठेवत नाही.

४

दारातच कालिंदीची सासू राधाबाई तांदूळ निवडत बसली होती. कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. सोवळ्याओवळ्याला एवढी कडक बाई चाळीत दुसरी नव्हती. तिच्या देव्हाऱ्याकडे नुसतं बोट केलं तरी ती हात धुऊन यायला लावी.

"येवा, सिस्टरबाई. गावलो काय चोर?"

"शोधतेय. राधाबाई, तुम्हाला काय वाटतं, 'मोहोर'ला वास कशाचा आहे?"

"माका काय विचारतास? म्हातारपणान नाक गेला माझा. कापूर जाळलो तरी कळणा नाय."

मी मान हलवली आणि गावच्या गोष्टी काढल्या. शिरोडा, वेंगुर्ला, मिठागरं. म्हातारी खुलली. बोलता बोलता तिनं एकदम मान वळवली आणि पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून ओरडली, "गो शांता! दूध करपता तुझा! खंय लक्ष असता?"

भिंतीपलीकडे शांताची धावपळ आणि भांडं उतरवल्याचा आवाज झाला. मला त्यानंतर सेकंदभरानं करपल्याचा वास आला. आणि माझं नाक, देवाच्या कृपेनं, अजून शाबूत आहे.

मी राधाबाईकडे पाहिलं, तिनं तांदळाकडे.

"कालिंदीला खालून बोलवा," मी म्हणाले. "शांता आणि दत्तारामलाही. मला चोर सापडला."

५

सगळे खोलीत जमले. कालिंदी दाराशी उभी राहिली, जणू चोर पळून जाईल.

"कालिंदी," मी विचारलं, "किल्ली कायम तुझ्या कमरेला असते?"

"कायम."

"चार दिवस बाहेर बसतेस तेव्हाही?"

 दत्ताराम छताकडे पाहू लागला. पुरुषांसमोर हे बोलायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण मी हजारो बाळंतपणं केली आहेत आणि माणसं कुठून येतात ते मला जास्त ठाऊक आहे.

"तेव्हा... नसते," कालिंदी पुटपुटली. "त्या भुकटीची उदबत्ती देवापुढे जाते. किल्लीला विटाळ नको म्हणून देव्हाऱ्यात ठेवते."

"आणि त्या चार दिवसांत देव्हाऱ्याला हात कोण लावतं?"

आता सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"तू ते चार दिवस मोजतच नव्हतीस, पोरी," मी म्हणाले. "'किल्ली कायम माझ्याकडे' म्हणालीस, कारण तुझ्या लेखी ते दिवस महिन्यात नव्हतेच. तुझा धंदा मात्र ते मोजत होता. दर महिन्याला काम थांबतं, वैद्यांकडचा माल संपतो, गिऱ्हाईक जातं. दोन वर्षं तुझा धंदा तिथंच अडला होता. आता चोराबद्दल बोलू. ज्याला किल्ली मिळत होती, ज्यानं तरुणपणी सुरंगी माळली होती आणि ज्याचं नाक भिंतीपलीकडचं करपलेलं दूध शांताच्या आधी ओळखतं, असं माणूस या घरात एकच आहे. सकाळी सगळे उठायच्या आत खाली जाऊन पीठ मळायचं, कुलूप लावून वर यायचं आणि विचारलं तर नाक गेलं म्हणून सांगायचं. राधाबाई, चुकत असेन तर सांगा."

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं.

"चुकत नाय तुमी," ती म्हणाली.

"आई!" कालिंदीचा आवाज चिरकला. "तुम्ही? तुम्हीच तर मला बाहेर बसवता!"

"होय, बसवतंय. माझ्या सासयेन माका बसवल्यान, मी तुका बसवलंय." राधाबाई बोलू लागली तशी मालवणीत मुंबई मिसळू लागली. "पण मी तीस वर्षं गिरणीत काम केलंय गो. रिंगखात्यात. थंय कोण विचारता, बाई बाहेरची हा काय? भोंगो वाजलो की उभा रव्हायचा. चारय दिवस सूत जोडलंय. त्या सुताचा कापड देवाकपण नेसवलेला आसतला. देव कधी कोपलो नाय. मुकादम मात्र नक्की कोपलो असतो."

दत्ताराम खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"मग मला का नाही सांगितलंत?" कालिंदीनं विचारलं.

"काय तोंडान सांगू? अख्ख्या चाळीतल्या सुना मी बाहेर बसवलंय. आता माझ्याच सुनेक उठ म्हणू?" म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "दत्तू फणसवाडीसून इलो, तोंड एवढासा करून. माका बघवला नाय. म्हटला, नेम मोडूक येणा नाय, तर कुलूप तरी उघडूया."

 कालिंदीच्या चेहऱ्यावर राग, लाज, हसू एकामागून एक आलं आणि गेलं. मग ती सासूजवळ जाऊन बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. मलाही हुंदका आला, खोटं कशाला बोलू? शांता तर मोकळेपणी डोळे पुसत होती.

"आई," कालिंदी डोकं वर काढून म्हणाली, "पीठ मळलंत ते ठीक. पण सुरंगी चिमूटभर जास्त पडलीय."

"जास्त नाय! तूच कमी घालतंस!" राधाबाई फणकारली.

आम्ही उदबत्ती लावून बघितली. म्हातारीचंच बरोबर होतं.

६

पहिलं काम भोईवाड्याला जायचं होतं. कालिंदी एकटीच जाते म्हणाली, पण शेवंतीच्या दाराशी पोचेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

शेवंतीनं आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"येईन मी," ती म्हणाली. "पण तुम्ही मला शांतासमोर चोर म्हणालात. चूक झाली हेही तिच्यासमोरच म्हणा."

"सगळ्या चाळीसमोर म्हणेन," कालिंदी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नळावर बायकांची रांग असताना, तिनं ते खरोखरच म्हटलं. शांताही खाली मान घालून पुढे आली. "माझी जीभ नडली," एवढंच म्हणाली. शेवंतीनं तिची भरलेली कळशी उचलायला हात लावला.

कालिंदीनं त्याच दिवशी सुरंगीचं नाव सगळ्यांना सांगितलं. मी तिला म्हटलं, "गुपित फुटेल की गं."

"फुटू दे, सिस्टरबाई. फूल कुणीही आणेल. नाक कुठून आणेल?"

मग शिकवणी सुरू झाली. राधाबाई पाटावर बसून वास घेत, शेवंती आणि शांता भुकटी मिसळत. शेवंतीचं नाक सगळ्यात तयार निघालं. पहिल्याच आठवड्यात तिनं म्हातारीची चूक काढली आणि म्हातारीनं ती मान्य केली. त्या दिवशी मला वाटलं, आता काहीही होऊ शकतं.

शनिवारी दत्ताराम फणसवाडीला होकार घेऊन गेला. नवरात्राचा माल गेला, दसऱ्याचा गेला. दिवाळीच्या ऐन तोंडावर कालिंदीचे ते दिवस आले. ती सकाळी आंघोळ करून जिना उतरली आणि खोलीच्या दाराशी थबकली. चाळीतल्या चार बायका मुद्दाम सज्जात येऊन उभ्या राहिल्या होत्या, राधाबाई काय करते ते बघायला. राधाबाईनं वर पाहिलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाली, "उशीर झालो तुका. वैद्यांचो माणूस येतलो." आणि सरकून तिला पाटावर जागा करून दिली. सज्जातल्या बायका आत गेल्या. त्यातल्या दोघी दिवाळीनंतर 'मोहोर'मध्ये कामाला लागल्या.

त्या दिवाळीत गिरगावात मी मुद्दाम फिरले. वैद्यांच्या दुकानाबाहेर रांग होती. "बाई, तो आठवडा आलाच नाही यंदा!" वैद्य मला लांबूनच ओरडले. "माघापासून दुप्पट माल द्यायला सांगा!" दोन वर्षं हटून बसलेला धंदा एका हिवाळ्यात असा उधळला की दत्तारामला हातगाडी घ्यावी लागली.

पुढच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला, मुंबईसह. लालबागेत गुलाल, ढोल, ज्याच्या त्याच्या तोंडात पेढा. त्याच आठवड्यात कालिंदीनं परळला दोन मोठ्या खोल्या घेतल्या. उद्घाटनाला नारळ फोडायचा मान मला दिला. मी फोडला, पहिल्याच फटक्यात.

आत गेले तर पाटांच्या रांगा आणि डझनभर बायका. कोण सातारची, कोण मालवणची, कोण भोईवाड्याची. शेवंती कारभारीण म्हणून सगळ्यांमधून फिरत होती. राधाबाई खुर्चीवर नाक सरसावून बसली होती.

माझगावहून कांता नावाची एक नवी मुलगी काम मागायला आली होती. पगार ठरला, वेळ ठरली, तरी ती घुटमळत उभीच. शेवटी राधाबाईच्या कानाशी वाकून तिनं हळूच विचारलं, "आजी, महिन्यातले ते चार दिवस यायचं की नाही?"

हळू बोलणं राधाबाईला कधी जमलंच नाही. ती अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "दुखत असात तर घराक जा, झोप. पगार कापूचो नाय. दुखत नसात तर हात धू आणि बस."

कांता आमच्याकडे बघत राहिली. मग ती नळाकडे गेली, हात धुतले आणि शांताच्या शेजारच्या पाटावर येऊन बसली.